डायलिसिस सुरू झाल्यापासून भाऊ चिडचिडा झालाय, कोणाशी बोलत नाही. घरच्यांनी काय करावं?

ताई, दादा सगळ्यांवर खेकसतो, सणावारीही खोलीबाहेर येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी स्वतः कित्येक वर्षं डायलिसिसवर आहे. त्याचा स्वभाव बिघडला, असं एवढ्यात ठरवू नका. रक्त कमी होणं, अंगाला खाज, रात्री पायांची तळमळ, झोप न लागणं हे सगळं या आजारातच येतं. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर काढून घरी आलं की त्या दिवशी बोलायचंही त्राण उरत नाही. हे सगळं त्याच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. नैराश्य असेल तर त्यावर उपचार आहेत, फक्त गोळ्या किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करायच्या. "आता मी डायलिसिसला जाणार नाही," असं तो म्हणाला, तर ते रागाचं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

घरात त्याला सगळ्यात जास्त टोचत असेल ती पाण्यावरची नजर. आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या, मग चहा. त्याच्या वाट्याला मात्र दिवसभरात मोजकं पाणी, आणि प्रत्येक घोटाला कुणीतरी "अरे, किती पितोस?" म्हणणार. दिवसाचं पाणी सकाळी बाटलीत भरून त्याच्या हातात द्या आणि हिशेब त्यालाच ठेवू द्या. भेटायला येणारे मायेनं शहाळी आणि केळी आणतात. त्यातलं पोटॅशियम त्याच्या हृदयाला धोक्याचं आहे, हे पाहुण्यांना तुम्ही सांगा. दर वेळी "मला चालत नाही" म्हणायची पाळी त्याच्यावर का यावी?

आता जे घरात कुणी उघड बोलत नाही, ते. किडनी कोण देणार? कायद्यानं जवळच्या नात्यात नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं येतात. आपल्या देशात देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, कारण सगळ्यांचे डोळे आधी बायकोकडे किंवा आईकडे वळतात. तुमच्या वहिनी कसल्या दडपणाखाली असतील, याचा विचार करा. आणि तुम्ही बहीण आहात, तेव्हा तुमचं काय ते स्वतःहून सांगा. तपासणी करून घ्यायची असेल तर तसं, नसेल तर तेही. नकार देण्यात पाप नाही. पण कुणी विषयच काढत नाही, तेव्हा आजारी माणूस प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत बसतो आणि मनात म्हणतो, मी यांच्या डोक्यावरचं ओझं झालोय. मागायची वेळ त्याच्यावर आणू नका.

भाचीचं लग्न ठरेपर्यंत आजार लपवायचा, असंही काही घरांत चालतं. दादासमोर ती कुजबुज झाली असेल, तर त्याच्या खोलीत बसण्याचं कारण कदाचित तेच असेल. एकदा त्याच्याशी बोलून पाहा.

गौरी-गणपतीला गावी जाताना "तू राहा, तुझं डायलिसिस आहे," असं म्हणू नका. जवळच्या शहरातल्या केंद्रावर आधी फोन करून त्या दिवसांची वेळ घेता येते. सध्याच्या डायलिसिसचे कागद, ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन) आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सीचे ताजे रिपोर्ट बरोबर लागतात. पंधरा दिवस आधी विचारा, ऐन सणात जागा मिळत नाही.