‘विषुववृत्ता’तला दुसरा ‘व’

‘विषुवृत्त’ बरोबर की ‘विषुववृत्त’, आणि त्यापेक्षा सुटसुटीत ‘भूमध्यरेषा’ का नको, असा प्रश्न आहे.

‘विषुववृत्त’. विषुव अधिक वृत्त. लागोपाठच्या दोन ‘व’पैकी एक जीभ गिळते आणि मग लिहितानाही तो गळतो. अमरकोशात विषुव आणि विषुवत् अशी दोन्ही रूपं आहेत, म्हणून ‘विषुवद्वृत्त’ही चालेल. ‘विषुववृत्त रेषा’ मात्र कृपा करून नको. वृत्त म्हटल्यावर रेषा कशाला?

विषाशी किंवा ‘विषम’शी (वि + सम) याचं काही नातं नाही. इथे आहे ‘विषु’, म्हणजे दोन्ही अंगांना. गवामयन या वर्षभर चालणाऱ्या वैदिक यज्ञसत्रात 180 दिवस अलीकडे, 180 पलीकडे आणि मधला एकटा दिवस विषुवान. ‘ऐतरेय ब्राह्मण’ या वैदिक ग्रंथात त्याला माणसाची उपमा आहे: आधीचं अर्ध उजवं अंग, नंतरचं डावं, विषुवान म्हणजे मधलं डोकं. पृथ्वीच्या दोन अर्धांमधल्या वृत्ताला याहून नेमकं नाव कुठलं मिळणार! अमरकोश ‘दिवसरात्र समान असण्याचा काळ’ असा अर्थ देतो. टिळकांनीही ‘ओरायन’मध्ये (1893) तोच शब्दार्थ धरून युक्तिवाद उभा केला. टिळकांचा मान राखून सांगतो: या शब्दात ‘समान’ नाही, दिवस नाही, रात्रही नाही. आहे तो ‘मधला’. बाकीचं मागाहून चिकटलं. केरळचा विषु सण याच घरातला. आसामचा बिहूही, असं माझं ठाम मत. तिबेटी-बर्मी मूळ शोधणाऱ्यांनी खुशाल शोधावं.

राहिली भूमध्यरेषा. भास्कराचार्यांच्या लेखी पृथ्वीची मध्यरेखा म्हणजे लंका, उज्जैन, कुरुक्षेत्र यांवरून मेरूला, म्हणजे उत्तर ध्रुवाला, जाणारी रेषा. चक्क दक्षिणोत्तर! आडव्या वृत्ताला आपण उभ्या रेषेचं नाव देतोय. विषुववृत्तावरच्या प्रदेशाला जुना शब्द ‘निरक्ष’, कारण तिथे अक्षांश शून्य आणि पलभाही शून्य.

पलभा म्हणजे विषुवदिनी माध्यान्ही 12 अंगुळं शंकूची (उभ्या काठीची) पडणारी सावली; अंगुळांऐवजी सेंटिमीटर घेतले तरी चालतं. 20 मार्चला पुण्यात सपाट फरशीवर 12 सेंमीची काडी ओळंब्यात उभी करा. सावली 4 सेंमी भरेल. घड्याळात 12 वाजता मोजलीत तर साडेचारच्या वर जाईल, कारण त्या दिवशी पुण्याचं खरं माध्यान्ह साधारण 12:42ला होतं. साडेबारापासून दर दोन मिनिटांनी खूण करा आणि सगळ्यांत आखूड सावली घ्या.