सिझरनंतर पाणी कधी द्यायचं? गॅस पास व्हायची वाट बघावीच लागते का?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचं सिझर सकाळी दहाला झालं, आता रात्रीचे आठ वाजले, ती सारखं पाणी मागायली आणि घरातले सगळे म्हणायलेत गॅस पास झाल्याशिवाय थेंबसुद्धा द्यायचा नाही. मी डॉक्टर नाही. कोल्हापुरातलीच आहे, माझी दोन सिझर झालीत, एक २०१३ ला आणि दुसरं २०१९ ला, म्हणून लिहितेय.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कमरेत सुई देऊन भूल दिली असेल, सिझर सरळ पार पडलं असेल, जास्त रक्तस्राव नसेल, उलट्या होत नसतील तर गॅस पास व्हायची वाट बघायची गरज नसते, काही तासातच घोट घोट पाणी सुरू करतात. पण तिच्या केसमध्ये आत काय झालं ते तिच्या डॉक्टरांनाच माहीत, त्यामुळं चोरून देऊ नका, आत्ता जाऊन विचारा.

माझं पहिलं सिझर मे महिन्यातलं, भर दुपारी. वॉर्डात पंखा गरम हवा फिरवत होता आणि मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी नाही. आई कापसाचा बोळा स्टीलच्या पेल्यात बुडवून, पिळून ओठावर फिरवायची, मी तो बोळाच चोखायला बघायची आणि ती घाबरून हात मागं घ्यायची. जीभ टाळ्याला चिकटायची, सोडवताना टक असा आवाज यायचा, तो अजून आठवतोय. बाळाला अंगावर घेतलं की तहान दुप्पट व्हायची, पाजताना तहान लागतेच बाईला, ते शरीराचंच आहे. सिस्टरना विचारलं तर, सलाईन चालूय की, तहान कशी लागेल? आता सलाईननं अंगातलं पाणी कमी होत नाही हे खरं, पण तोंड कोरडं ते कोरडंच राहतं ना.

दुसऱ्या वेळी दवाखाना वेगळा. भुलीचे डॉक्टर संध्याकाळी राउंडला आले, मळमळतंय का विचारलं, पोटावर हात ठेवून बघितलं आणि म्हणाले, द्या यांना पाणी. सिझर होऊन चार तास झाले होते. कोमट पाण्याचे दोन चमचे, मग दहा मिनिटं थांबून अर्धी वाटी, काही झालं नाही म्हटल्यावर नारळपाणी आणि रात्री कोरा चहा नि दोन बिस्किटं. त्या दोन चमचे पाण्यानं मला रडू आलं, खरंच सांगते.

मी त्यांना विचारलंच, मागच्या वेळी मग एवढं उपाशी का ठेवलं? त्यांनी नीट समजावलं. पोटाचं कुठलंही मोठं ऑपरेशन झालं की आतडी काही काळ सुस्त पडतात, त्यात खाल्लं तर पोट फुगेल, उलटी होईल ही जुनी भीती, म्हणून गॅस पास होणं ही खूण धरली गेली. पण सिझरमध्ये आतड्याला कापाकापी नसते, गर्भपिशवी पुढंच असते, आतडी फारशी हाताळली जात नाहीत. लहान आतडं काही तासातच कामाला लागतं, उशीर लागतो तो मोठ्या आतड्याला आणि गॅस तिथनं येतो. म्हणजे ज्याची वाट बघत बाईला तहानेलं ठेवायचं तो सगळ्यात शेवटी जागा होणारा भाग. आणि तसंही लाळ नि जठरातला रस मिळून दिवसाला लिटरभराच्या वर पाणी आपलं आपणच आतड्यात उतरत असतं, तोंडानं प्या नाहीतर नको प्या.

घरी आल्यावर मी वाचत बसले. २००२ साली कोक्रेनवाल्यांनी (जगभरचे वैद्यकीय अभ्यास तपासणारी संस्था) यावरचे अभ्यास एकत्र तपासले होते, त्यात सरळ सिझरनंतर पाणी-जेवण अडवून ठेवायला काही आधार सापडला नाही. इंग्लंडच्या नाइस या सरकारी संस्थेच्या सूचनेत तर म्हटलंय की बाई बरी असेल, काही गुंतागुंत नसेल तर भूक-तहान लागेल तेव्हा खाऊ-पिऊ दे. आणि २०१९ मध्ये इरास सोसायटीनं (ऑपरेशननंतर पेशंट लवकर बरा व्हावा यावर काम करणारी डॉक्टरांची संस्था) सिझरनंतरच्या काळजीसाठी जे लिहिलं त्यात दोन तासांच्या आत नेहमीचं जेवण म्हटलंय. आपल्याकडं बरेच डॉक्टर थोडे सावध असतात, चार ते सहा तास म्हणतात, ते मी समजू शकते. चोवीस तास मात्र मला पटत नाही.

घरच्यांचा अजून एक घोळ असतो, ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात तोच नियम ते नंतरही धरून बसतात. आधीचं कारण वेगळं, भुलीत उलटी होऊन फुफ्फुसात जाऊ नये म्हणून ते असतं. पाण्यानं टाके पिकतात, पोट सुटतं, दूध पातळ होतं असं आमच्या जाऊबाईंच्या आई पण म्हणायच्या. टाके पिशवीला नि पोटाला असतात, पाणी जातं आतड्यात, त्याचा टाक्याशी संबंध येत नाही.

थांबवायची खरी कारणं पण आहेत. पूर्ण भूल दिली असेल तर नीट शुद्ध येऊन गिळता येईपर्यंत थांबायचं. खूप रक्त गेलंय आणि परत ऑपरेशनला घ्यावं लागेल अशी शंका आहे, बीपी वाढल्यामुळं झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन चालू आहे, आधीच्या सिझरमुळं आतडी चिकटलेली होती किंवा आतड्याला इजा झाली, अशा वेळी डॉक्टर म्हणतील तेच. म्हणून सिस्टरना, पाणी देऊ का, एवढंच विचारू नका, त्या ठरलेलं उत्तर देतील. असं विचारा, तिला थांबवायचं काही खास कारण आहे का, नसेल तर डॉक्टरांना फोन करून घोटभर पाण्याचं विचाराल का? बहुतेक वेळा एका फोनवर काम होतं.

हो म्हणाले तर मान थोडी उंच करून चमच्यानं द्या, गटागटा नको. पचलं तर भाताची पेज, मुगाच्या डाळीचं पाणी. अळणी (मटणाचं बिनतिखटाचं पाणी) नि अळिवाची खीर एकदोन दिवसांनी, पहिल्या रात्री तूप-मटण नको. च्युइंगमचं पण विचारून बघा, साखर नसलेलं चघळलं की गॅस साधारण सात तास आधी पास होतो असं अभ्यासात दिसलंय, आमच्यात बाळंतिणीला च्युइंगम म्हटल्यावर सगळे बघत राहिले होते पण डॉक्टर हो म्हणाले.

आणि पाणी सुरू झाल्यावर पोट टम्म फुगलं, हिरवी उलटी झाली किंवा दुखणं वाढत गेलं तर पाणी बंद करून लगेच सिस्टरना बोलवा, सकाळची वाट बघू नका.

ती प्यायली की इथं खाली लिहा.