वॉरगेमच्या काउंटरसाठी ९५ हजारांचे कपाट? आधी सात खेळांपुरते डबे घ्या

प्रश्न : मी ४३ वर्षांचा असून ठाण्यात कासारवडवलीला स्वतःच्या टूबीएचकेमध्ये राहतो. गेली कित्येक वर्षे ऐतिहासिक वॉरगेम, म्हणजे जुन्या लढाया पटावर खेळायचे खेळ, जमवतो आहे. आज ४२ खेळ आहेत आणि माझ्या हिशोबाने २६ हजारांच्या आसपास काउंटर, म्हणजे सैन्याच्या तुकड्या दाखवणाऱ्या पुठ्ठ्याच्या छोट्या सोंगट्या. ते पाकिटांत, मिठाईच्या डब्यांत, काही तर लग्नपत्रिकांच्या लिफाफ्यांत आहेत. सुताराने ड्रॉवरच्या कपाटाचे ४१ हजार सांगितले आहेत. त्यात बसणारे १२० ट्रे परदेशातून मागवायचे तर ट्रे आणि भाडे मिळून ४५ हजार, वर ड्यूटीचे अंदाजे ९ हजार. एकूण ९५ हजार. परदेशी ऑर्डर क्रेडिट कार्डावर करून १६ टक्क्यांनी बारा हप्ते पाडता येतात. कपाटासाठी तीन महिने म्युच्युअल फंडातली एसआयपी थांबवेन. नीट ठेवलेल्या संग्रहाची किंमत वाढते, म्हणून मी याला गुंतवणूक मानतो. पत्नीचे म्हणणे, ‘खेळाला माझी हरकत नाही, जेवणाच्या टेबलावर तीन-तीन दिवस पडून राहणाऱ्या पसाऱ्याला आहे.’ हातात पगार १ लाख १८ हजार, गृहकर्जाचा हप्ता ४१ हजार, घरखर्च ४५ हजार, एसआयपी १५ हजार, विम्याचे हप्ते महिन्याला धरले तर ६ हजार. बचत खात्यात २ लाख १० हजार. दिवाळीला बोनस १ लाख १० हजार मिळेल. मुलगी आठवीत आहे. दोन-तीन वर्षांत मोठ्या घरात जाण्याचा विचार आहे. कपाट करावे का, आणि छंदासाठी महिन्याला किती ठेवावे?

उत्तर : नमस्कार. तुम्ही आकडे लपवले नाहीत आणि पत्नीचे वाक्य जसेच्या तसे लिहिलेत, त्यामुळे नेमके उत्तर देता येते. काउंटर नीट लावायला हवेत आणि त्यासाठी पैसे खर्च करावेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती रकमेबद्दल आणि हप्त्यांबद्दल.

हप्त्यांपासून सुरुवात करू, कारण तिथला खर्च तुमच्या ९५ हजारांत आलेलाच नाही. परदेशी चलनातल्या व्यवहारावर बरीच कार्डे ३.५ टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे जादा शुल्क, घेतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी असतो. ४५ हजारांवर हे सुमारे १,८५८ रुपये झाले. १६ टक्क्यांनी बारा हप्ते म्हणजे दरमहा ४,०८३ रुपये. व्याज जवळजवळ ४ हजार, आणि त्या व्याजावरही जीएसटी, सुमारे ७२०. बेरीज साडेसहा हजारांच्या थोडी वर जाते. हप्ते पाडण्याचे प्रक्रिया शुल्क यात धरलेले नाही. ड्यूटीही फक्त मालाच्या किमतीवर लागत नाही, भाडे आणि विमा धरून झालेल्या रकमेवर लागते, मग त्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. तुमचे ९ हजार मला कमी वाटतात.

हा साडेसहा हजारांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एसआयपी. मुलगी आठवीत आहे, म्हणजे चार वर्षांत बारावी आणि त्यानंतर लगेच कॉलेजची फी. एसआयपी एकदा थांबवली की दर वेळी थांबवायला कारण सापडते. तीन महिन्यांचे ४५ हजार कपाटात घालू नका, असे मी स्पष्टच सांगतो. त्याहून मोठी अडचण आपत्कालीन निधीची आहे. हप्ता, घरखर्च आणि विमा मिळून तुमचा न टाळता येणारा खर्च महिना ९२ हजार. खात्यातले २ लाख १० हजार म्हणजे सव्वादोन महिन्यांची सोय. एका पगारावर गृहकर्ज चालणाऱ्या घरात मी सहा महिन्यांखाली समाधान मानत नाही, म्हणजे ५ लाख ५२ हजार. अजून ३ लाख ४२ हजार कमी आहेत. एवढी फट असताना कपाट करणे मला पटत नाही.

मोठ्या घरात जाण्याचा विचार असेल तर कपाटाची बाजू आणखी पडते. भिंतीच्या मापाने केलेले सुतारकाम नव्या घरात क्वचितच बसते. बहुतेक वेळा ते मागे सोडावे लागते किंवा पडेल त्या भावाने द्यावे लागते.

गुंतवणुकीच्या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण तिथे विचार उलटा झाला आहे. जुन्या वॉरगेमच्या बाजारात चांगला भाव येतो तो पंच न केलेल्या प्रतीला, म्हणजे ज्याचे काउंटर अजून पुठ्ठ्याच्या मूळ पत्र्यातच आहेत अशा खेळाला. ट्रेमध्ये लावायचे तर काउंटर सोडवावे लागतात. बरेच खेळाडू मग हौसेने त्यांचे कोपरेही गोल कापतात. हाताळायला ते सुखाचे असते, पण मूळ स्थितीतली प्रत शोधणारा संग्राहक अशा काउंटरकडे पाठ फिरवतो. म्हणजे सगळे ४२ खेळ ट्रेमध्ये गेले तर न उघडलेल्या खेळांची किंमत तुम्ही स्वतःच्या हाताने उतरवाल. असे किती आहेत ते तुम्ही लिहिलेले नाही. असतील त्यांना हातही लावू नका. उघडलेल्या खेळाची लावणी कितीही सुंदर असली तरी गिऱ्हाईक पाहते ते एकच : काउंटर पूर्ण आहेत का. त्यासाठी मोजून केलेली यादी पुरते. शिवाय आपल्याकडे असे खेळ विकत घेणारी माणसे थोडी, आणि परदेशी पाठवायचे तर वजनामुळे भाडे जड. संग्रहावर प्रेम करा, मुलीला त्यातला इतिहास शिकवा, पण निवृत्तीच्या कागदावर त्याची किंमत शून्य धरा.

मग डबे कशासाठी घ्यायचे? वेळेसाठी. १९४४ची इंफाळ-कोहिमाची लढाई मांडायची असेल तर १७वी, २०वी आणि २३वी भारतीय डिव्हिजन वेगवेगळ्या कप्प्यांत, जपान्यांच्या १५, ३१ आणि ३३ वेगळ्या, आणि अराकानहून विमानाने आणलेली ५वी भारतीय डिव्हिजन मागून येणाऱ्या कुमकेच्या कप्प्यात, अशी रचना असेल तर पट मांडायला फार वेळ जात नाही. सगळे एका पिशवीत असेल तर अख्खी संध्याकाळ निवडण्यात जाते, आणि एवढ्या कष्टाने मांडलेला पट आवरायला मन होत नाही म्हणून तो तीन दिवस टेबलावर राहतो. तुमच्या पत्नीची तक्रार इथेच सुटते. त्या तक्रारीवर केलेला खर्च मला ९५ हजारांच्या कपाटापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

म्हणून खर्च खेळल्या जाणाऱ्या खेळांवर करा. गेल्या वर्षभरात किती खेळ प्रत्यक्ष टेबलावर आले, ते पत्नीलाच विचारा, त्यांना नक्की आठवेल. मी सात धरते. अर्ध्या इंची काउंटरच्या एका मोठ्या पत्र्यात २८० काउंटर येतात. सात खेळांचे मिळून वीस-एकवीस पत्रे धरले तर ६ हजारांच्या आसपास काउंटर होतात. प्रकारवार वेगळे ठेवले तर वीस-चोवीस कप्प्यांच्या एका डब्यात साधारण ३५० मावतात, म्हणजे १७ डबे.

हे डबे परदेशातून आणण्याची गरज नाही. जीएमटी गेम्स या वॉरगेम काढणाऱ्या कंपनीचे २० खणांचे ट्रे उत्तम आहेत यात वाद नाही, पण इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग ठेवायचे कप्प्यांचे डबे लॅमिंग्टन रोडला मिळतात. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलात की चालत जाता येते. मणी-मोती ठेवायचे डबेही चालतात. घेताना खिशात एक अर्ध्या इंची काउंटर न्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा, आणि तोही तुमच्याकडचा सर्वांत पातळ. तो कप्प्यात ठेवा, झाकण लावा, डबा उलटा करून जोरात हलवा. काउंटर शेजारच्या कप्प्यात गेला तर तो डबा परत द्या. काढता-घालता येणाऱ्या पट्ट्यांचे डबे इथेच फसतात, पट्टीखालून पातळ पुठ्ठा सरकतो. कप्प्याचा तळ गोलसर असेल तर काउंटर बोटाने ओढून वर घेता येतो. काटकोनी तळातून तो नखाने उचकटावा लागतो आणि कडा फाटतात. डब्याच्या तळाशी त्रिकोणातला आकडा पाहा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते घ्या. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ते काचेसारखे पारदर्शक दिसते पण पडले की तडकते. ३ म्हणजे पीव्हीसी. त्याची मऊ पाकिटे वर्षानुवर्षांत छपाईला चिकटू शकतात, ती नकोच.

असा डबा १६० रुपयांना धरला तर १७ डब्यांचे २,७२० रुपये. बाकीच्या उघडलेल्या खेळांसाठी झिपलॉक पाकिटे जांभळी नाक्याच्या बाजारातून आणा, ६०० रुपये धरा. घट्ट झाकणाच्या सहा मोठ्या पेट्या ४५० प्रमाणे २,७००, आणि ओल शोषून रंग बदलणारी सिलिका जेल ५००. एकूण ६,५२०. कार्डाचा मार्कअप, व्याज आणि जीएसटी मिळून जे साडेसहा हजार झाले होते, तेवढ्यात तुमचे हे सगळे काम होते.

सिलिका जेलवर कंजुषी करू नका. तुमच्या घोडबंदर रोडला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर. पावसाळ्यातल्या दमट हवेत पुठ्ठा ओल धरतो, वाकतो, आणि मग कसर लागते. मात्र ऑगस्टमध्ये पेटी बंद केलीत तर ओलसर हवाच आत कोंडली जाईल. हे काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करा. बोनसही तेव्हाच हातात असेल. जेलचा रंग बदलला की ती ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येते. पेट्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

विम्याचे विचारले नाहीत, तरी सांगते. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली आहे. तीत इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. गृहकर्जाबरोबर बँकेने काढून दिलेली पॉलिसी कोणती आहे ते काढून वाचा, आणि खेळांची यादी व फोटो मेलवर ठेवा. आग किंवा पूर यांसाठी याचा उपयोग आहे. हळूहळू लागलेली ओल, बुरशी, कसर यांची भरपाई विमा देत नाही, म्हणून वर सिलिका जेलचा एवढा आग्रह धरला.

आता महिन्याचा हिशोब. सगळे देऊन तुमच्याकडे ११ हजार उरतात. त्यातले ९,५०० आपत्कालीन निधीत, १,५०० छंदाला. बोनसमधले एक लाख निधीत टाका. उरलेल्या दहा हजारांत डबे येतील आणि साडेतीन हजारांत घरच्यांसाठी दिवाळीचे काहीतरी घ्या. पुढच्या दिवाळीचा एक लाखही निधीतच गेला, तर साधारण पंधरा महिन्यांत सहा महिन्यांची सोय पूर्ण होते. पैसे बचत खात्यात न ठेवता स्वीप-इन एफडी (खात्याला जोडलेली, लागेल तेव्हा मोडता येणारी मुदत ठेव) आणि लिक्विड फंडात (अल्प मुदतीच्या रोख्यांचा म्युच्युअल फंड) विभागून ठेवा.

त्यानंतर नव्या घरात गेल्यावर, वर्षाला पंधराएक खेळ खरोखर टेबलावर येत असतील, तर कपाटाचा विषय पुन्हा काढा. तेव्हा ते रोखीने होईल आणि त्या भिंतीच्या मापाने होईल. तोपर्यंत नवा खेळ घ्यायचा झाला तर तो याच महिन्याच्या दीड हजारातून साठवून घ्या, आणि त्याच्या डब्यांचा खर्चही त्याच पैशांत धरा.