'सँक्टिमोनिअस' पाहुणे

प्रश्न : शाळेच्या इंग्रजी अहवालात व्यसनमुक्तीवर बोलायला आलेल्या पाहुण्यांच्या भाषणाला मी 'सँक्टिमोनिअस स्पीच' म्हटलं. 'सँक्टस' म्हणजे पवित्र, हे ठाऊक होतं. मुख्याध्यापकांनी शब्द खोडला. चुकलं काय?
– एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : व्युत्पत्ती बरोबर, अर्थ मात्र पार उलटा. तुम्ही पाहुण्यांना चक्क 'सोवळं मिरवणारे' म्हणालात!

एके काळी तुमचा अर्थही चालत असे. शेक्सपिअरने 'द टेम्पेस्ट'मध्ये लग्नाच्या पवित्र विधींना हेच विशेषण लावलं. 'मेझर फॉर मेझर'मध्ये मात्र ते एका समुद्री चाच्याला लागतं. हा गडी बायबलमधल्या दहा आज्ञा घेऊन समुद्रावर निघतो, फक्त 'चोरी करू नकोस' तेवढी खरवडून टाकतो. आज हा टोमणाच उरला आहे. आपल्या 'मानभावी'चंही असंच झालं : मूळ 'महानुभाव', वापरात साळसूदपणाचं सोंग. पण त्या शब्दाने एका पंथाचा अवमान होतो, म्हणून भाषांतरात 'सोवळेपणाचा आव आणणारा' बरा.

'लोका सांगे ब्रह्मज्ञान' ही म्हण इथे अर्धीच लागू पडते. कोरडा पाषाण तो 'हिपोक्रिट'. सँक्टिमोनिअस माणूस नियम खरोखर पाळतही असेल. हुरड्याला सगळे शेंगाचटणी चाटून खाताहेत आणि एकजण म्हणतो, 'मी लसूण सोडलाय. तुमचं चालू द्या, ज्याचा त्याचा संयम.' लसूण त्याने खरंच सोडलाय. खटकतो तो शेवटचा तुकडा.

जवळचे शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका. 'प्रीची' म्हणजे प्रवचनी. नाटक, जाहिरात, लेखही प्रीची असतो. 'सेन्सोरिअस' नुसती खोड काढतो, स्वतःला थोर म्हणेलच असं नाही. 'सेल्फ-रायचस'ला आपलंच खरं वाटतं. सँक्टिमोनिअसमध्ये त्यावर धार्मिकतेचा किंवा सात्त्विकतेचा मुलामा चढतो.

उच्चारात जोर 'मो'वर. नामं दोन आहेत आणि घोटाळा तिथेच होतो : 'सँक्टिटी' खरं पावित्र्य, 'सँक्टिमनी' त्याचं प्रदर्शन. शिवाय हा शब्द म्हणजे बोलणाऱ्याचा शेरा. अग्रलेखात शोभतो, अहवालात नाही.

तुमच्या वाक्यात भाषणाला 'इन्स्पायरिंग', पाहुण्यांना 'अपराइट' (सचोटीचे) चाललं असतं. 'मॉरल'ही चालेल, पण 'मॉरलिस्टिक' (नीतीचे डोस पाजणारं) लिहिलंत तर मुख्याध्यापक पुन्हा पेन उचलतील.