अमेरिकेतल्या राज्यांच्या कॅपिटॉल इमारतींचे फोटो काढून त्यांचा स्थानिक इतिहास मराठीत लिहायचा आहे. सुरुवात कुठून करू आणि लेन्स कोणती घेऊ?

सुरुवात ऑल्बनीपासून करा. तिथल्या न्यू यॉर्क राज्याच्या कॅपिटॉलला, म्हणजे विधानभवनाला, घुमट नाही, म्हणून फोटोवाले ती हटकून गाळतात. म्हणूनच ती आधी बघा. लेन्सचं नंतर सांगतो.

समोर बरोबर मधोमध उभं राहून घुमटाचा फोटो आज मोबाईलवरही झकास येतो. पन्नास राज्यांचे तसे फोटो ढिगानं पडले आहेत, त्यात तुमच्या पन्नासांची भर कशाला? तुम्ही 'स्थानिक इतिहास' हे दोन शब्द लिहिलेत, म्हणून मी लिहायला बसलो.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, गडहिंग्लजजवळच्या एका खेड्यात पाथरवट होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. जाती, पाटे, वरवंटे, उखळं, देवळाच्या पायऱ्या हे त्यांचं काम. पाट्याला टाकी लावून झाली की एका कोपऱ्यात ते चिंचोक्याएवढं चार पाकळ्यांचं फूल काढायचे. त्याचे पैसे कुणी देत नव्हतं आणि मागतही नव्हतं. गावात कुणाच्याही स्वयंपाकघरात गेलं की आई पाट्याच्या कोपऱ्यावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "हा आमच्या आण्णांचा."

२०१६ साली आई आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती, तेव्हा तिला ऑल्बनीला घेऊन गेलो. कॅपिटॉलच्या पश्चिमेकडे एक प्रचंड जिना आहे, 'मिलियन डॉलर स्टेअरकेस' म्हणतात त्याला. ४४४ पायऱ्या, तांबूस वालुकाश्म, आणि तो दगड स्कॉटलंडहून आणलेला. १८८३ ते १८९७ अशी चौदा वर्षं त्याचं काम चाललं. खांबांच्या माथ्यांवर आणि कमानींच्या खांद्यांवर जिकडे बघाल तिकडे पानं, फळं, प्राणी आणि माणसांचे चेहरे. वॉशिंग्टन, लिंकन, ग्रँट धरून ७७ नामवंत आहेत. त्यांत आधी एकही बाई नव्हती. बऱ्याच उशिरा हे लक्षात आल्यावर बायकांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुसान अँथनी, अमेरिकन रेड क्रॉसच्या क्लारा बार्टन अशा सहा जणी आल्या.

पण नामवंतांच्या अधेमधे असे चेहरे आहेत, ज्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत. दगड कोरणाऱ्यांनी आपल्या घरच्यांचे, मित्रांचे चेहरे कोरून ठेवले, असं गाइड बाईंनी सांगितलं. आईला इंग्रजी कळत नाही. तिनं विचारलं, "काय म्हणतात रे त्या?" मी सांगितलं. हात लावू नका अशी सूचना होती म्हणून तिनं दोन्ही हात मागे बांधले होते. तशीच ती एका चेहऱ्याजवळ वाकली. दाढीवाला माणूस, भोवती पानांची वेलबुट्टी. गाल गुळगुळीत घासलेले, पण कानामागे, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, टाकीचे तिरपे घाव तसेच सोडलेले. बराच वेळ बघून ती म्हणाली, "आण्णांच्या फुलागत हाय हे." मी तो फोटो काढला. कानामागच्या घावांचा.

त्या वर्षी आमच्या इथल्या फोटोग्राफी क्लबनं कॅपिटॉल इमारतींचं कॅलेंडर काढायचं ठरवलं होतं. मी तो फोटो दिला, खाली चार ओळी लिहून. निवड करणारे गृहस्थ चाळीस वर्षं फोटो काढत होते. त्यांनी विचारलं, "हा कोण?" म्हटलं, नाव कुणालाच माहीत नाही, तेच तर त्यात आहे. ते म्हणाले, "फोटोनं स्वतः बोललं पाहिजे. चार ओळी लागल्या म्हणजे फोटो फसला." शेवटी बारा महिन्यांना बारा घुमट लागले. ऑल्बनी गेली, ओळीही गेल्या.

मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. ह्याच इमारतीतलं असेंब्लीचं सभागृह घ्या. तिथलं मूळ दगडी कमानींचं छत १८७९मध्ये खुलं झालं, पण दगड तडकायला लागले आणि दहा वर्षांच्या आत ते उतरवावं लागलं. नव्या छताच्या करारात कोरीव ओक लाकूड होतं. ठेकेदारानं बसवला कागदाचा लगदा! त्याची चौकशी झाली, बोभाटा झाला. विल्यम मॉरिस हंट ह्या चित्रकारानं थेट दगडावर रंगवलेली दोन भव्य चित्रं होती, त्यांचे अवशेष ह्या खाली घेतलेल्या छताच्या वर झाकले गेले. आता त्या छताचा जगातला सर्वोत्तम फोटो काढा. ह्यातलं काय बोलेल तो?

आणि इतिहास लिहाल तो फक्त आर्किटेक्टचा लिहू नका. फुलर, आइडलिट्झ, रिचर्डसन, पेरी ही नावं कुठेही मिळतील. १८६७ ते १८९९ काम चाललं, अडीच कोटी डॉलर लागले, हेही मिळेल. दगड कुणी फोडला ते विचारा. कोलंबसमधली ओहायोची इमारत १८३९मध्ये सुरू झाली, तेव्हा त्या चुनखडीवर राबले ते राज्याच्या तुरुंगातले कैदी. ऑस्टिनला टेक्सासनं ३० लाख एकर जमीन देऊन कॅपिटॉल बांधून घेतलं हे सगळे कौतुकानं सांगतात. पण तिथला लालसर ग्रॅनाइट कैद्यांकडून काढून घेतला, म्हणून पाथरवटांच्या संघटनेनं कामावर बहिष्कार टाकला आणि तो मोडायला स्कॉटलंडहून कारागीर आणले, हे किती जण सांगतात? त्या गुलाबी भिंतीचा संध्याकाळच्या उन्हातला फोटो मात्र प्रत्येकाकडे असतो.

ऑल्बनीत २९ मार्च १९११ला पहाटे आग लागली. राज्याच्या ग्रंथालयातली साडेचार लाख पुस्तकं आणि पावणेतीन लाखांच्या आसपास हस्तलिखितं गेली. सॅम्युएल ॲबट नावाचा ७८ वर्षांचा रात्रीचा पहारेकरी, यादवी युद्धातला जुना सैनिक, त्या आगीत मेला. त्याचं भूत फिरतं अशी गोष्ट तिथे रंगवून सांगतात. तुम्ही ती लिहू नका. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस रात्रपाळी करत होता, एवढं लिहा.

आता तुमचा प्रश्न. पूर्वेची बाजू सकाळी काढा, ऊन तिकडून येतं. जिन्यात उजेड कमी असतो, कॅमेऱ्याचा आयएसओ १६००च्या पुढे जायला घाबरू नका. २४-७० मिमी लेन्स पुरते, पण चेहरे उंचावर आहेत, त्यामुळे ७०-२०० नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा. ट्रायपॉडसाठी आधी फोन करून परवानगी विचारा. अधिवेशन जानेवारी ते जून असतं, तेव्हा गर्दी होते. दूरचा फोटो एम्पायर स्टेट प्लाझा ह्या शेजारच्या सरकारी संकुलातल्या पाण्यापलीकडून छान येतो. मात्र तुम्ही उभे असाल ती ९८ एकर जागा नेल्सन रॉकफेलर न्यू यॉर्कचे गव्हर्नर असताना हजारो लोकांची घरं पाडून मोकळी केलेली आहे, हे त्या फोटोखाली यायला हवं.

तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही. टेक्सासात असाल तर अर्थातच ऑस्टिनपासून सुरुवात करा, ऑल्बनीसाठी विमानाचे पैसे घालू नका. घुमटांशीही माझं वैर नाही. विस्कॉन्सिनच्या राजधानीतला, मॅडिसनचा, ग्रॅनाइटचा घुमट मी स्वतः दोनदा जाऊन काढला आहे. आणि अनामिक चेहऱ्यांना आपल्या मनानं नावं देऊ नका, तो मोह फार होतो. 'घरच्यांचे चेहरे' ही गोष्टसुद्धा 'असं सांगतात' म्हणूनच लिहा.

बाकी ओळी चार लागल्या तर चार लिहा, दहा लागल्या तर दहा. कुणी म्हणालं की जागा नाही, तर त्यांना फोटो लहान छापायला सांगा.