लघवीची गोळी: वाढवायची की कमी करायची?

प्रश्न: अण्णा ६४ वर्षांचे. हृदयाचं पंपिंग ३५ टक्के, आता लिव्हर सिरॉसिसही निघाला. पाय सुजतात, पोट फुगतं. हृदयाच्या डॉक्टरांनी लघवीची गोळी वाढवली, पोटाच्या डॉक्टरांनी निम्मी केली. ऐकावं कुणाचं?
— एक वाचक, जिंतूर

उत्तर: दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, पंचाईत तीच आहे. हृदयाची उजवी बाजू थकली की परत येणारं रक्त मागे तुंबतं. यकृत फुगून उजव्या बरगडीखाली दुखतं, मानेची शीर टरारते. सिरॉसिसमध्ये यकृत निबर होऊन पोर्टल शिरेतला (आतड्याकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतला) दाब वाढतो, आतड्याकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतो. किडनीला वाटतं रक्तच कमी पडलंय. ती मीठ-पाणी धरून ठेवते. म्हणजे अंगात पाणी उदंड, पण किडनीपर्यंत रक्त पुरत नाही. गोळी जास्त झाली तर किडनी बसते, सोडियम घसरतं, माणूस असंबद्ध बोलतो. कमी पडली तर आडवं होताच दम लागतो.

म्हणून वजन लिहून ठेवा. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाआधी, त्याच काट्यावर. पायांना सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त घट नको. सूज असेल तर १ किलोपर्यंत चालते. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर डॉक्टरांना कळवा. डोस बदलला की आठवड्याच्या आत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते यावरून कळतं), सोडियम, पोटॅशियम तपासा.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, भाजी-भाकरीतलं धरून. ठेचा, लोणचं, पापड यांतच निम्मं संपतं. 'लो सोडियम' मीठ मात्र आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळीही अंगात पोटॅशियम अडवते. हृदयाचा ठोका बिघडू शकतो. गुडघ्यासाठी मेडिकलवरून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन बिलकूल नको. डाळ, दही, अंडं बंद करू नका. ते बंद केलं की स्नायू झडतात.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात किंवा जुलाब लागले तर तीच गोळी अंगावर येते. तोंड कोरडं, लघवी कमी, उठताना चक्कर दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून डोस विचारा. काळी शौच, रक्ताची उलटी किंवा भ्रम दिसला तर १०८ बोलवा.

दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि वजनाची वही एकाच फाईलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी दोघांना फोनवर बोलायला लावून डोस कोण ठरवणार, ते पक्कं करून घ्या.