लिनक्सवर जीसीसी या कंपायलरने नीट चालणारा वैज्ञानिक सी प्रोग्राम विंडोजवर व्हिज्युअल सी++ने कंपाइल केला की मोठ्या फाइलवर उत्तरं का चुकतात?

एकही एरर नाही, लहान फाइलवर सगळं बरोबर, म्हणजे आधी कोडमधले सगळे 'लाँग', म्हणजे पूर्णांक साठवणारा सीमधला एक प्रकार, शोधा. ६४-बिट लिनक्सवर लाँग ८ बाइटचा असतो, ६४-बिट विंडोजवर ४ बाइटचाच. ४ बाइटच्या लाँगमध्ये आकडा २१४ कोटींच्या पुढे गेला की उलटा फिरून ऋण होतो. पुण्यात पाषाणला हवामानाच्या ग्रिडचा कोड विंडोजवर नेताना माझे चार दिवस यातच गेले. डीबगरमध्ये फाइलचा ऑफसेट (फाइलमध्ये आपण कुठल्या बाइटवर आहोत तो आकडा) -२१४७४८३६४८ दिसला, तेव्हा कुठे ट्यूब पेटली. अशा ठिकाणी ठरावीक ६४ बिटांचा इंट वापरा. फाइलमध्ये जागा बदलणारं एफसीक आणि जागा सांगणारं एफटेल हेही तिथे लाँगच घेतात-देतात, त्यांचे ६४-बिट पर्याय घ्या.

बायनरी फाइल 'आरबी' (बायनरी वाचन) मोडमध्येच उघडा. विंडोजवर नुसत्या 'आर'ने, म्हणजे मजकूर म्हणून उघडली, तर २६ क्रमांकाचा बाइट आला की फाइल संपली असं धरलं जातं, आणि डेटा गुपचूप अर्धाच वाचला जातो. हे फार घातक आहे.

दशांश आकड्यांचा लाँग डबल हा प्रकार व्हिज्युअल सी++मध्ये साध्या डबलएवढाच, त्यामुळे शेवटचे अंक थोडे हलतील. त्याने घाबरू नका, तुलना करताना थोडा फरक चालवून घ्या.

मिनजीडब्ल्यूचा, म्हणजे विंडोजसाठीचा, जीसीसी घेतलात तरी लाँग ४ बाइटचाच राहतो. दुरुस्त्या मूळ प्रकल्पाला मात्र नक्की पाठवा.